हत्तीच्या डाव्या अंगावरचं नाव

मुणगे, ता. देवगड
८ जानेवारी २००६

दगडू मेस्त्री यास, कैलासवासी रघुनाथ परब याचा रामराम.

मी मेलो ही बातमी मला काल दुपारी कळली. पद्मजा शनिवारची शाळा आटपून माझ्याकडे आली, तिच्या पिशवीत मुंबईचं वर्तमानपत्र होतं. ती इथल्याच शाळेत मास्तरीण आहे, शेजारच्या वाडीत दिलीय. म्हणाली, "बाबा, ह्यां बघा." बघतो तर फोटोत भलामोठा हत्ती आणि त्याच्या अंगावर ओळीने नावंच नावं. नावांच्या वर हत्तीवरच रंगवलेला मथळा, 'आम्हांला सोडून गेलेले'. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, तरी मथळ्याचं अक्षर चष्म्याशिवाय ओळखलं. 'ड'चं पोट असं गोल दुसऱ्या कुणाला काढता येत नाही. मग पद्मजाने भिंग धरलं आणि हत्तीच्या कानाखाली बोट ठेवलं. रघुनाथ रामजी परब, साचेखातं.

तुझी लक्ष्मीवहिनी आधी हसली. म्हणाली, "मगे ह्यो दोन वेळ जेवता तो कोण?" संध्याकाळी दिवा लावताना मात्र तिला रडू आलं. मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, तेवढे तुझे उपकार समजतो.

मिलमध्ये साच्याला साचा, मागाला माग लावून आपण सतरा वर्षं काम केलं. त्यानंतर तेवीस वर्षं एकमेकांना एक ओळ नाही. आणि एकदम हे. रागावलो नाही, पण कुणी सांगितलं तुला, ते कळव. म्हणजे त्याच्या तेराव्याला जाईन म्हणतो.

रघु

*

लालबाग
१६ जानेवारी २००६

रघु,

कुठल्या तोंडाने लिहू? शांताने पत्र हातात दिलं, मागे तुझं नाव होतं. शंभर वर्षं जग बाबा. तुमच्या वाडीतल्या कुणाचा तरी फोन नंबर मिळाला असता, पण फोनवर माझ्याने बोलवलं नसतं.

कसं झालं ते सांगतो. आपल्या मिलच्या जागेवर आता काचेचा बाजार उभा राहिलाय, सरकत्या जिन्यांचा. त्यांनी आणि कुठल्याशा कलेच्या संस्थेने मिळून शहरभर चाळीस हत्ती उभे करायचं काढलंय. फायबरचे, साडेसात फूट उंच, पांढरेफेक. प्रत्येक हत्ती वेगळ्या लोकांनी रंगवायचा. मिलच्या जुन्या फाटकासमोरचा आपल्या चाळीच्या वाट्याला आला. टेम्पोतून उतरवला तेव्हा अख्खी चाळ गॅलरीत. एक मॅडम आल्या होत्या, म्हणाल्या, "काका, फुलं काढा, मोर काढा, एकदम ब्राइट पायजे." मी म्हटलं, "मॅडम, मला फुलं येत नाहीत. मी साचेवाला, आणि चाळीस वर्षं नाक्यावरचा फळा लिहितोय. सभा, मोर्चा, दहावीचे निकाल, निधन. हल्ली निधनच जास्त. मला नावं लिहिता येतात." त्या बरं म्हणाल्या.

मग ठरलं की उजव्या अंगावर मिलमधले हयात असलेले आणि डाव्या अंगावर गेलेले. सहाशे बारा नावं झाली. ओळी आखायला सूत मारलं तर हत्तीच्या पोटावरून ते घसरतं आणि ओळ लोंबायला लागते. शेवटी लांबलचक नावं पोटावर घेतली, आखूड नावं पायांवर. लोक रोज येऊन जागा मागायचे, जो तो म्हणतो मला सोंडेवर घाल. शेपटीजवळ कुणालाच नको. तिथे मी आपल्यावर मुकादमकी करणारे सगळे जॉबर नेऊन बसवले, तेव्हा जुनी माणसं पोट धरधरून हसली. तू असतास तर तूही हसला असतास.

तुझ्याबद्दल मला एका लग्नात कुणीतरी सांगितलं होतं की देवगडचा परब गेला. कोण ते आता आठवत नाही. मी खात्री करायला हवी होती, वय झालं, चूक झाली. १२ फेब्रुवारीला, रविवारी, हत्तीवरचं कापड काढणार आहेत. त्याआधी तुझं नाव डावीकडून उजवीकडे आणतो. सोंडेवर थोडी जागा मी राखून ठेवलीय. तू ये, वहिनींना घेऊन ये. जुनं काही मनात ठेवू नकोस.

तुझा
दगडू

*

मुणगे
२४ जानेवारी २००६

दगडू,

पत्र पोचलं. पद्मजा रविवारी येते तेव्हा वाचून दाखवते. लिहितो मात्र मीच, म्हणून ओळी अशा उताराला लागल्यात.

सोंडेवर जागा राखलीस. तुझा स्वभाव काही जात नाही, चुकलं की पुढ्यात मोठा पाट मांडायचा.

'जुनं काही मनात ठेवू नकोस' हे तू एका ओळीत उरकलंस. मी जरा सविस्तर लिहितो, म्हणजे दोघांपैकी एकाने तरी लिहिलेलं असेल. ब्याऐंशीचा ऑक्टोबर. संपाला नऊ महिने झाले होते. मी मिलच्या मागच्या फाटकाने आत कामावर गेलो. आणि नाक्यावरच्या फळ्यावर तू लिहिलंस, 'रघुनाथ रामजी परब, साचेखातं, गद्दार'. नाव पांढऱ्या खडूने, शेवटचा शब्द लाल खडूने. पद्मजा तेव्हा पहिलीत. तिला अक्षरं मास्तरांनी शिकवली नाहीत, तू शिकवलीस. फळ्यापाशी तिला उचलून घ्यायचास आणि विचारायचास, "ह्यां काय? आणि ह्यां?" त्या दिवशी तिने पहिल्यांदा अख्खी ओळ न अडखळता वाचली. धावत वर आली आणि मला म्हणाली, "बाबा, मी सगळं वाचलं. गद्दार म्हणजे काय?"

तू खोटं लिहिलं नव्हतंस. मी गेलो होतो. इथे सगळे समजतात मी पोटासाठी गेलो. माझ्या घरी गावाहून तांदूळ येत होता, कुळीथ येत होते, पोरगी उपाशी झोपली नाही. मी गेलो कारण मला बसवत नव्हतं. नऊ महिने हात मांडीवर घेऊन बसलो होतो. एके दिवशी मागच्या गल्लीतून चाललो असताना आत चारपाच साचे चालू झाल्याचा आवाज आला आणि माझे पाय वळले. घरच्या भुकेसाठी गेलो असतो तर आज मान वर करून सांगता आलं असतं. मला त्याची लाज वाटते, आणि ती मी लक्ष्मीलाही नीट सांगितलेली नाही. पद्मजाला हे पत्र टाकायला देणार आहे, पाकीट बंद करून.

अकरा दिवस आत गेलो, बाराव्या दिवशी बिऱ्हाड बांधलं. तेव्हा मला उजवीकडे घालू नकोस. तिथले लोक शेवटपर्यंत बाहेर राहिले, त्यांच्या रांगेत मी शोभणार नाही. डावीकडचं पूस आणि सोडून दे.

त्या लग्नातलं तेवढं खरं सांग. गेल्या वीस वर्षांत इथे एकही परब मेलेला नाही. आम्ही चिवट आहोत.

रघु

*

लालबाग
१ फेब्रुवारी २००६

रघु,

लग्नबिग्न काही नव्हतं. मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

नाक्यावरच्या फळ्यावर निधनाची बातमी लिहिली की मी ती घरी वहीत उतरवून ठेवतो. डाव्या अंगावरची नावं मी त्या वहीवरून घेतली. तुझं नाव वहीत नाही. तुझ्या नावापाशी आलो आणि विचार केला, उजवीकडे लिहिलं तर कुणीतरी तुझा पत्ता काढणार, तुला समारंभाला बोलावणार, तू समोर येऊन उभा राहणार. त्यापेक्षा रघु गेलेला बरा, असं माझ्या मनात आलं. मनात आलं आणि हाताने लिहिलं. हे वाचून तू पत्र फाडलंस तरी माझी तक्रार नाही.

आता त्याच्या मागचं. संपाच्या कमिटीने माझ्या हातात चिठ्ठी दिली होती, आत गेलेल्यांची. त्यात आपल्या चाळीतली चार नावं होती. दोघे वरच्या मजल्यावरचे, दोघेही दांडगे, आखाड्यात जाणारे. एक तू. आणि एक जगन, शांताचा भाऊ, माझा मेहुणा, आमच्याच खोलीत राहणारा. तो आत जातो हे मला ती चिठ्ठी वाचताना कळलं. चारही नावं आजच लिहा असं सांगितलं होतं. मी म्हटलं, आज एक लिहितो, बाकीची उद्या. तो उद्या काही मी येऊ दिला नाही.

तुझंच का, हे तू विचारणार. वरच्या दोघांनी मला धरून मारलं असतं. जगनचं लिहिलं असतं तर शांताने घरात काय केलं असतं देव जाणे. तू माझा मित्र. तू मला मारणार नाहीस हे मला ठाऊक होतं, म्हणून तुझं लिहिलं.

तेवीस वर्षं नाक्यावरचे लोक माझ्या अक्षराचं कौतुक करतात आणि मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं मी विनयशील आहे. रघु, मी काय करू सांग.

दगडू

*

मुणगे
७ फेब्रुवारी २००६

दगडू,

जगन आत होता हे तू मला सांगतोस? आम्ही समोरासमोर बसून जेवत होतो. त्याच्या डब्यातली शांतावहिनींच्या हातची भाकरी मी खाल्लीय. फळा वाचला तेव्हाच मी मोजलं होतं, आत चौघे आणि फळ्यावर एक. तू कधीतरी सांगशील म्हणून वाट बघत होतो. परवाचं पहिलं पत्र त्यासाठीच लिहिलं, मेल्याची गंमत हे आपलं निमित्त.

तू मारणार नाहीस हे ठाऊक होतं, असं लिहिलंस ना? तिथे तू चुकलास. मी मारायला आलो होतो. फळा लिहिलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाराचा अडसर हातात घेऊन जिना उतरलो. डोळ्यांपुढे तुझं डोकंच दिसत होतं. नाक्यावर आलो तर फळा पुसलेला. नुसता पुसलेला नाही, चांगला रगडून, लाल रंग सगळीकडे पसरलेला. मी तिथेच थांबलो. म्हटलं, दगडूला राहवलं नाही, येऊन पुसून गेला. अडसर घेऊन परत वर आलो. दुपारी नाव पुन्हा दिसलं, तेव्हा समजलो की कमिटीवाल्यांनी धरून लिहून घेतलं असणार.

त्या एका पुसण्यावर मी इतकी वर्षं काढली. लक्ष्मी तुला शिव्या घालायची तेव्हा मी म्हणायचो, "तेना पुसल्यान गो, पुढे तेचो इलाज नाय चललो." आता तू बाकीचं सगळं सांगितलंस, बरं झालं. हे एक तूच सांगितलं नाहीस, ते मी सांगतो. आपल्या चांगल्याचं माणसाने स्वतः बोलू नये म्हणून तू गप्प राहिला असशील.

जगनचं नाव आता कुठे काढू नकोस. म्हातारा झाला असेल. माझं तेवढं पूस. आंबा लागला की इकडे ये, दोघेही या.

रघु

*

लालबाग
१४ फेब्रुवारी २००६

रघु,

तुझं पत्र शनिवारी मिळालं आणि रविवारी समारंभ झाला. शनिवारी दुपारीच थिनरचा बोळा घेऊन मी तुझं नाव पुसलं. हत्तीच्या कानाखाली आता वीतभर जागा कोरी आहे, बाकीच्या पांढऱ्यापेक्षा जरा पिवळट. मॅडम म्हणाल्या, "काका, इथे पॅच दिसतोय." मी म्हटलं, "दिसू दे."

मग उजव्या बाजूला जाऊन माझंही नाव पुसलं. तू बाहेर राहिला नाहीस म्हणून उजवीकडे नको म्हणालास, आणि मी बाहेर राहून जे केलं ते मला त्या रांगेत बसू देईना. गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक नावं शोधत होते, नातवंडांना उचलून दाखवत होते. एका म्हातारीने नवऱ्याचं नाव पदराने पुसून घेतलं, धूळ बसली होती म्हणे. जगन नवा शर्ट घालून आला होता. उजव्या अंगावरच्या आपल्या नावावर बोट ठेवून त्याने फोटो काढून घेतला. शांता त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, चिठ्ठी, चार नावं, सगळं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्याला डबा कोण भरून द्यायचं? तुम्हांला वाटलं, मला ठाऊक नाही?" चाळीलाही ठाऊक होतं म्हणाली. मी इतकी वर्षं जे झाकत होतो ते सगळ्यांच्या देखत झाकत होतो. परवापासून मला गॅलरीत उभं राहायची लाज वाटते.

फळा पुसल्याचं तू लिहिलंस ते वाचून मी रडलो. माझ्यासारख्यात एवढं तरी चांगलं तू पाहिलंस, आणि इतकी वर्षं सांभाळलंस. त्यावर मी काय लिहू? तेव्हा परिस्थितीच तशी होती. आंबा लागला की आम्ही नक्की येतो. शांताने आतापासून पिशव्या काढल्यात.

तुझा
दगडू

*

मुणगे
२० फेब्रुवारी २००६

दगडूकाका,

नमस्कार. मी पद्मजा. हे पत्र मी शाळेतून लिहिते आहे, बाबांना माहीत नाही.

काल तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. शेवटचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग आईकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? मी काय सांगत होतंय?" आईने पहिल्यांदाच तुम्हांला शिवी घातली नाही. बाबा इतके खूश मी फार दिवसांत पाहिले नव्हते. संध्याकाळी तुमच्यासाठी कुठल्या झाडाचे आंबे ठेवायचे ते ठरवत होते.

काका, फळा मी पुसला होता.

त्या शब्दाचा अर्थ बाबांनी सांगितला नाही. आईने सांगितला, वाईट माणूस म्हणून. दिवेलागणीला ती नळावर गेली तेव्हा मी खाली आले. फळा उंच होता. वाण्याच्या दुकानाबाहेरचं रिकामं खोकं ओढत नेलं आणि त्यावर चढले. निळा फ्रॉक होता, त्याचा पुढचा घेर हातात धरून पुसलं. लाल जात नव्हतं म्हणून थुंकी लावून घासलं. फ्रॉक मळला म्हणून आईने मारलं, तरी मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी घरी येत होते. तुम्ही फळ्यापाशी उभे राहून लिहीत होता. एकटेच होता. कुणी धरलेलं नव्हतं. तुम्ही वळून मला बघितलंत आणि म्हणालात, "कोणी मेल्यान पुसल्यान काय म्हायत." मी तशीच उभी राहिले आणि तुम्ही शेवटचं अक्षर पुरं केलंत.

आता मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. मुलाने पहिल्यांदा सबंध ओळ वाचली की सगळा वर्ग टाळ्या वाजवतो. मलाही वाजवाव्या लागतात.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना मुंबईत एक मित्र होता, एवढंच त्यांनी तिथून आणलं. ते मी काढून घेणार नाही. पण 'परिस्थितीच तशी होती' हे तुमचं वाक्य मला त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावं लागलं, दोनदा. माझा आवाज बदलला तर त्यांना वाटलं मला भरून आलं.

पुढच्या पत्रात काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. नुसतं आंब्याबद्दल लिहिलंत तर तेही वाचीन. जे लिहाल ते वाचीन, एक अक्षर गाळणार नाही.

पद्मजा

*

लालबाग
२५ फेब्रुवारी २००६

रघु,

पद्मजा हे तुला वाचून दाखवते आहे. पद्मा, सावकाश वाच.

फळा मी पुसला नव्हता. तुझ्या मुलीने पुसला, सहा वर्षांची असताना, फ्रॉकने. मी दुसऱ्या दिवशी येऊन बघितलं, घरी जाऊन खडू आणले आणि परत लिहिलं. कमिटीला त्याचा पत्ताही नव्हता. मला कुणी धरलं नव्हतं. कोणीतरी माझं लिहिलेलं पुसलं याचाच मला राग आला होता. आदल्या दिवशी अक्षर नीट आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मन लावून काढलं.

हे मला गेल्या पत्रात लिहिता आलं असतं. तू मला चांगला समजतोस हे वाचून बरं वाटलं, म्हणून लिहिलं नाही. तुझी पोर मागे उभी होती हे मी विसरलो होतो. तिचं पत्र आलं तेव्हा आठवलं, आणि मी काय बोललो तेही आठवलं.

तुझ्या उत्तराची वाट बघणार नाही, असं इथे लिहिणार होतो. ते खोटं होईल. बघणार आहे.

दगडू